अंगणवाडीत ब्रश हवा

महाराष्ट्रातल्या पालकांमध्ये मुलांच्या दातांवरून दोन वाद सतत चालू असतात. दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यांवर पैसे कशाला घालवायचे, हा पहिला. फ्लोराइड, म्हणजे पेस्टमधला कीड रोखणारा घटक, विषारी असतं, म्हणून मुलांना फ्लोराइड नसलेली पेस्ट किंवा दंतमंजनच द्यावं, हा दुसरा. दुसरा वाद इथे स्कॉटलंडमधल्या मराठी घरांतही पोचला आहे. आजी-आजोबा येताना नातवंडांसाठी ‘नैसर्गिक’ पेस्ट आणतात, आणि तीच नातवंडं सकाळी नर्सरीत फ्लोराइडच्या पेस्टने दात घासतात.

स्कॉटलंडचं उदाहरण घ्यायला कारण आहे. 2003 साली इथे पहिलीत येणाऱ्या मुलांपैकी 45 टक्क्यांच्याच दातांत उघड कीड नव्हती. 2022 साली हा आकडा 73 टक्क्यांवर गेला. इथली मुलं काही गोड कमी खात नाहीत, आणि नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळलं जात नाही. 2006 पासून ‘चाइल्डस्माइल’ नावाचा सरकारी कार्यक्रम उभा राहिला आणि नर्सरीत मोठ्यांच्या देखरेखीखाली रोज ब्रश करणं, जे त्याआधीच सुरू झालं होतं, हा त्याचा कणा झाला. पाच वर्षांच्या मुलांच्या दंतोपचारांवरचा खर्च 2001-02 ते 2009-10 या काळात निम्म्याहून खाली आला.

हे ब्रश करणं कसं चालतं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण त्याला बेसिनसुद्धा लागत नाही. प्रत्येक मुलाच्या ब्रशवर त्याचं चिन्ह असतं: बदक, झाड, गाडी. ब्रश झाकणाच्या, हवा खेळेल अशा स्टँडमध्ये उभे, एकमेकांना न टेकता ठेवतात. बाई कागदावर पेस्टचे वेगवेगळे ठिपके काढतात आणि एकेक मूल आपला ठिपका आपल्या ब्रशवर उचलतं. ट्यूबचं तोंड ब्रशला लागू देत नाहीत, नाहीतर एकाचे जंतू सगळ्यांना. मुलं बसून घासतात, फेस कागदात थुंकतात आणि चूळ भरत नाहीत. मग बाई एकेक ब्रश धुऊन, झटकून जागेवर ठेवतात. जमिनीवर पडलेला ब्रश थेट कचऱ्यात जातो, बाकीचे दर शैक्षणिक सत्राला बदलतात.

चूळ न भरणं आपल्याकडे पचायला सगळ्यात जड. दात घासले की खळखळून चूळ भरायची, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पण पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहिलं तरच कामाचं. चुळेबरोबर ते बेसिनमध्ये जातं. थुंकायचं आणि थांबायचं. रात्री झोपण्यापूर्वीचं घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दाताचं रक्षण करायला दुसरं काही उरत नाही. त्यानंतर फक्त पाणी. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेल्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी जातात, ते याचमुळे.

आता विषाचं. त्याचं उत्तर मापात आहे. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त 1000 पीपीएम असू शकतं आणि ते ट्यूबवर छापावं लागतं. ब्रिटनमध्ये लहान मुलांसाठी 1000 हे किमान आहे, आणि सात वर्षांपुढे 1350 ते 1500. 1000 पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, सुमारे 0.1 ग्रॅम. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मटारच्या दाण्याएवढी, 0.25 ग्रॅम. मुलाने दोन्ही वेळची सगळी पेस्ट गिळली, तरी पोटात अर्धा मिलिग्रॅम जातं. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पट्टी काढली, तर एका वेळेलाच एक मिलिग्रॅम. चूक तिथे होते.

फ्लोराइडची भीती निराधार नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत अनेक गावांच्या विंधनविहिरींना जास्त फ्लोराइडचं पाणी लागतं, आणि तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. पिण्याच्या पाण्यासाठी 1 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही आपली मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तर 1.5. पाण्यात 3 असेल, तर दिवसाला दीड लिटर पिणाऱ्या मुलाच्या पोटात साडेचार मिलिग्रॅम जातं. अशा गावात पाणी तपासून बदलणं हेच पहिलं काम आहे, आणि लहान मुलांच्या पेस्टचं माप काटेकोर ठेवायला हवं. पण त्या गावांची भीती पुण्या-ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये आणून मुलाला फ्लोराइडशिवाय ठेवण्याला काही आधार नाही.

दुधाच्या दातांबद्दल थोडक्यात. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. त्या लवकर काढाव्या लागल्या की मागची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही, आणि तो खर्च पुढे ब्रेसेसमध्ये निघतो. दाढ ठणकली की मूल जेवत नाही, झोपत नाही, हे वेगळंच.

मला जास्त काळजी वाटते ती सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेची. ती सगळ्यात मागे, कुठलाही दात न पडता येते. म्हणून घरी ती दुधाचीच समजतात, आणि ती आयुष्यभराची असते. येताना तिच्यावर अर्धवट हिरडी असते, खाचा खोल असतात, आणि ती इतरांपेक्षा खाली राहिल्यामुळे ब्रश तिच्यावरून नुसता सरकून जातो. तोंडाच्या बाजूने ब्रश आडवा घालून ती वेगळी घासावी लागते. सात वर्षांपर्यंत हे काम मोठ्यांचंच. दाढ पुरती वर आली की डेंटिस्टकडून सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा थर, करून घ्यावं. दाढ साफ करायची, 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिड काही सेकंद लावून धुवायचं, खडूसारखी पांढरी दिसेपर्यंत वाळवायची, मग रेझिन खाचांत भरून दिव्याने कडक करायचं. सुई नाही, ड्रिल नाही. फसतं ते लाळेमुळे: वाळवलेल्या दाढेला लाळ लागली, तर सीलंट काही महिन्यांत निघतं. बाराव्या वर्षी येणाऱ्या दाढांनाही हेच. ब्रेसेस लावलेल्या मुलांनी तारेच्या वर आणि खाली वेगवेगळं घासावं, नाहीतर तार निघते तेव्हा दातांवर पांढरे चौकोन उरतात.

स्कॉटलंडमध्येही सगळं आलबेल नाही. गरीब वस्त्यांतली मुलं अजून मागे आहेत, आणि सरकारी सेवेतला डेंटिस्ट मिळवताना लोक मेटाकुटीला येतात. शहरातल्या मराठी पालकाला उद्याची वेळ मिळते, तशी इथे मिळत नाही. भारतात तीनशेहून अधिक डेंटल कॉलेजं आहेत. शहरात तरी डॉक्टरांची वानवा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि कीड नोंदवतातही. पण नोंद होते तोवर दात किडलेला असतो.

म्हणून ब्रश अंगणवाडीत हवा. तीस मुलांची अंगणवाडी धरा. मटारएवढ्या मापाने रोज साडेसात ग्रॅम पेस्ट लागेल. 200 ग्रॅमची ट्यूब महिना काढेल. तीन महिन्यांनी बदलायचे तर वर्षाला 120 ब्रश. पाणी फक्त ब्रश धुण्यापुरतं. सेविका आणि मदतनीस आधीच रजिस्टरांनी वाकल्या आहेत, ही हरकत खरी आहे. त्यावर उपाय एकच: हे काम देताना एखादं रजिस्टर काढून घ्यावं आणि दातांसाठी नवं देऊ नये. पेस्ट-ब्रशची खरेदी जिल्हा पातळीवर व्हावी, सेविकेच्या पदरातून नाही. आणि ज्या गावांत पाण्याचा फ्लोराइड अहवाल 1.5 च्या वर आहे, तिथे ट्यूब पोचण्याआधी पाणी बदललेलं असावं.