शेपटीचे ५१२ बाइट

आमच्या रेकॉर्डिंग यंत्राला प्रत्येक फाइलच्या शेवटी ५१२ बाइट कचरा चिकटवायची खोड आहे. प्लेअरला त्याचं सोयरसुतक नसतं, पण अपलोड तपासणारा प्रोग्रॅम ‘फाइल सदोष’ म्हणून हात वर करतो. एकेक फाइल ४० जीबीची.

शेपूट छाटायचं काम ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आपणहून अंगावर घेतलं. त्यांची पद्धत अशी: ‘हेड’ कमांडने शेवटचे ५१२ बाइट वगळून बाकी सगळी फाइल दुसरीकडे उतरवायची आणि जुनी पुसायची. मध्ये ‘पीव्ही’ जोडून टक्क्यांची पट्टीही लावलेली. अर्धा केबी टाकण्यासाठी ४० जीबी वाचा, ४० जीबी लिहा! नख काढायचं म्हणून माणूसच नवा घडवायचा.

“सर, फाइल छाटणाऱ्या ‘ट्रंकेट’ कमांडला वजा ५१२ सांगितलं की जागच्या जागी होतं.”

“जागच्या जागी?” चष्मा कपाळावर गेला. “आणि कॉपी?”

“लागतच नाही. फाइलसिस्टम लांबीची नोंद बदलते, डेटा हलत नाही. सुरुवातीचं छाटायचं असतं तर सगळं सरकवावं लागलं असतं.”

“आणि एमपीफोरचं ‘मूव्ह’ उडालं तर?”

प्रश्न रास्त होता, हे म्हणायला अजून जिवावर येतं. ‘मूव्ह’ म्हणजे फाइलची अनुक्रमणिका. ती बरेचदा अगदी शेवटी असते आणि तिच्यावर कात्री चालली की अख्खं चित्रण उघडेनासं होतं. म्हणून मी आधी एकेक बॉक्स, म्हणजे एमपीफोर फाइलचा एकेक कप्पा, मोजला. पहिल्या चार बाइटांत लांबी, पुढच्या चारांत नाव. चित्रणाचा बॉक्स ४ जीबीच्या वर गेला की लांबीच्या जागी नुसता १ असतो आणि खरा आकडा नावापुढच्या आठ बाइटांत. सगळ्या बॉक्सांची बेरीज फाइलपेक्षा बरोबर ५१२ ने कमी भरली, म्हणजे शेपूट कुठल्याच बॉक्सात नव्हतं. एंटर दाबलं.

“सुरू झालं?”

“झालं, सर.”

“झालं? पट्टी कुठाय?”

“पट्टी नसते.”

“मग झालं हे कशावरून?”

आधीची आणि नंतरची लांबी दाखवली. बराच वेळ पाहून म्हणाले, “हॅ! नुसता आकडा बदललाय.”

आता यावर काय बोलणार? तेच तर केलं होतं.

तेवढ्यात साहेब आले. सरांच्या स्क्रीनवर ३७ टक्के. “बघ, किती चिकाटीने बसलेत! तू मोकळाच दिसतोस, पट्टी कुठे अडली तर लक्ष ठेव.”

माझ्या वाटणीच्या सगळ्या फाइली छाटून झाल्यात म्हणून मी मोकळा दिसतो, हे सांगायचीही सोय नाही. साहेबही विचारतील, पट्टी कुठाय?