परदेशात पासपोर्ट कसा घालवावा

परदेशी जाताना काय काय न्यावं याच्या याद्या ढिगानं मिळतात. ठेपले किती दिवस टिकतात, छोटा कुकर बॅगेत बसतो का, स्वित्झर्लंडला थर्मल लागतं का, सगळं मिळतं. पण नेलेला पासपोर्ट परत आणायचा नसेल तर काय करावं, हे कोणी सांगत नाही. ती उणीव आमच्या भावोजींनी मे महिन्यात रोममध्ये भरून काढली. मी शेजारीच उभी होते, तेव्हा त्यांची पद्धत होतकरू प्रवाशांपुढे ठेवते.

पहिली पायरी घरातच उरकावी. सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून एकाच पाऊचमध्ये घालावेत आणि पाऊच कर्त्या पुरुषाकडे द्यावा. 'एकाच ठिकाणी असलेले बरे' हे वाक्य विमानतळावर तीनदा तरी म्हणावं. बरे म्हणजे चोराला बरे, पण ते मनात. एकेक पासपोर्ट वेगळा चोरायला त्या बिचाऱ्याला किती वेळ लागेल! आम्ही चौघं होतो: ताई, भावोजी, आमचे हे आणि मी. मुंबईला इमिग्रेशन झाल्या झाल्या भावोजींनी हात पुढे केला आणि आम्ही तिघांनी, शाळेत वह्या जमा करतात तसे, पासपोर्ट त्यात ठेवले. हो, मीसुद्धा.

पाऊच कमरेला, शर्टाच्या आत बांधू नये, घाम येतो. पाठीवरच्या सॅकचा बाहेरचा कप्पा सर्वात उत्तम.

झेरॉक्स काढू नये. पहिल्या आणि शेवटच्या पानाची मिळून कोपऱ्यावरच्या दुकानात चार-पाच रुपये पडतात. तीन लाखांच्या टूरमध्ये एवढा जास्तीचा खर्च कोण करणार?

आता प्रत्यक्ष कृती. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडे चौसष्ट नंबरची बस जाते. पाकीटमारांची लाडकी बस म्हणून तिची ख्याती आहे. आमच्या टूर मॅनेजरनं सकाळीच बजावलं होतं. म्हणून हीच धरावी, तीही गर्दीत. आणि 'पाकीटमारांपासून सावध राहा' अशी पाटी दिसली की लगेच पाऊच चाचपून पाहावा. चोर अशा पाट्यांच्या आसपास याचसाठी उभे असतात, कुणाचा हात कुठे जातो ते बघत. भावोजींचा हात पाठीमागे गेला. चेन ओढून बघितली, लावली, सॅकवर दोनदा थोपटलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "आहे आहे." पुढच्या तीन स्टॉपांत नव्हता.

उतरल्यावर लक्षात आलं, तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती. वार नीट निवडावा. शनिवारी रात्रीचं विमान, शनिवार-रविवार वकिलातीला सुट्टी.

पोलिसांकडे गेल्यावर आधार कार्ड दाखवावं. भावोजींनी दाखवलं, लॅमिनेट केलेलं. त्या तरुण पोलिसानं ते उलटसुलट करून पाहिलं, क्यूआर कोडवर बोट फिरवलं आणि फार अदबीनं परत दिलं. भावोजींना अपमान वाटला. "यावर माझे सगळे डिटेल्स आहेत," ते मला म्हणाले, "सांग त्याला." आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही, हे आपल्याच सरकारनं सांगून ठेवलंय. मग रोमच्या पोलिसानं त्यावरून त्यांना भारतीय का मानावं? पण ते मी कशाला सांगू? इंग्रजी मलाच येतं असं ठरलेलं असल्यामुळे मी त्या पोलिसाला काहीतरी भलतंच सांगितलं. शेवटी तक्रारीचा कागद मिळाला. तिकडे त्याला देनुन्चा म्हणतात. पासपोर्ट नंबरच्या रकान्यात लिहायला कुणाकडे नंबर नव्हता. (झेरॉक्स. चार-पाच रुपये.)

नंबर मिळाले ते हॉटेलात. इटलीत हॉटेलवाल्यांना पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवावी लागते, म्हणून आल्या दिवशीच रिसेप्शनवरच्या मुलीनं पासपोर्ट मागितले होते. तेव्हा भावोजींनी दहा मिनिटं हुज्जत घातली होती, की असा कुणाच्याही हातात पासपोर्ट द्यायचा नसतो. त्याच मुलीनं कॉम्प्युटरमधले स्कॅन शोधून छापून दिले. वर पाणीही विचारलं.

हो, माझा पासपोर्ट मात्र वाचला. आदल्या दिवशी फ्लॉरेन्सला चामड्याची पर्स घेतली, टॅक्स परत मिळायच्या फॉर्मसाठी पासपोर्ट लागला, तो भावोजींकडून मागून घेतला आणि परत द्यायचा राहिला. बसमध्ये चढतानाच त्यांनी बोलूनही घेतलं होतं, "खरेदीच्या नादात कुठेतरी टाकशील, दे इकडे." मी "उतरल्यावर देते" म्हटलं. उतरल्यावर द्यायला पाऊचच उरला नव्हता. तेव्हा ज्यांना पासपोर्ट नक्की घालवायचाय त्यांनी खरेदी टाळावी.

टूरची बस शनिवारी विमानतळावर गेली. बाकीचे पस्तीस जण काचेतून हात हलवत होते आणि आम्ही चौघं फुटपाथवर. चार तिकिटं बदलली, दोन खोल्या तीन रात्रींसाठी वाढवल्या. सोमवारी वकिलातीत अर्ज, फोटो, देनुन्चाची प्रत. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं समजावलं. बाहेरच्या रांगेत आणखी दोन मराठी कुटुंबं होती. एक जण दुसऱ्याला विचारत होता, "तुमचेपण सगळे एकाच बॅगेत?" मी भावोजींकडे पाहिलं. ते मोबाइलमध्ये बघत होते.

मिळालं ते इमर्जन्सी सर्टिफिकेट. त्यावर एकदाच प्रवास, तोही फक्त भारतात परतण्यापुरता. पण भावोजींचा उत्साह टिकून. "चोरानं पासपोर्ट कुठेतरी फेकला असेल, सापडला तर तोच वापरू." वापरा की. एकदा हरवल्याची नोंद झाली की तो पासपोर्ट रद्द होतो. इंटरपोलकडे हरवलेल्या-चोरीच्या पासपोर्टांची यादी 2002 पासून आहे. पुढच्या प्रवासात तो काउंटरवर ठेवून बघा, फार आपुलकीनं वेगळ्या खोलीत बसवतील.

इथवर मी हसत होते. सिस्टिन चॅपेलचं तिकीट वाया गेलं, तेही सोडून दिलं. आता मात्र हसू येत नाही.

त्या पाऊचमध्ये ताईचा पासपोर्ट होता आणि त्यात अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता. सात वर्षं शिल्लक. तिची लेक न्यू जर्सीत आहे, सप्टेंबरात बाळंत होणार आहे. ताईनं डिंकाच्या लाडवांचं सामान मार्चमध्येच आणून ठेवलं होतं. पासपोर्ट गेला की व्हिसा गेला. नव्या पासपोर्टात तो कुणी आपणहून उमटवून देत नाही. पुन्हा फॉर्म, पुन्हा फी, पुन्हा तारखेची वाट, पुन्हा मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटची रांग. हे वकिलातीच्या पायरीवर तिच्या लक्षात आलं आणि ती खाली बसली. तिच्या शेजारी उभं राहून भावोजी काय म्हणाले ते ऐका: "तुझं लक्ष कुठं होतं? तू माझ्या मागेच होतीस ना?"

म्हणजे सांभाळायची अक्कल हिला नाही म्हणून पासपोर्ट हिच्याकडे द्यायचा नाही, आणि गेला की सांभाळला नाही म्हणून दोष हिचाच. वा! ही बाई तीस वर्षं बँकेत कॅशियर होती. रोज लाखांच्या नोटा मोजून हिशोब जुळवून घरी यायची. हिला छत्तीस पानांचं एक पुस्तक पर्समध्ये ठेवता येणार नाही?

पासपोर्ट म्हणजे रेशनकार्ड नव्हे, कुटुंबप्रमुखाच्या नावावर सगळं घर लिहायला. प्रत्येकाचा वेगळा निघतो, फोटो वेगळा, सही वेगळी, ते काही छपाईचा खर्च वाढावा म्हणून नाही. 1967च्या कायद्यानं ती सरकारची मालमत्ता आहे, आणि ती ज्याच्या नावे दिली त्यानं जपायची. नवऱ्यानं नाही, मोठ्या जावेनं नाही, टूर मॅनेजरनं तर नाहीच. आणि बायांनो, तुम्हीसुद्धा! 'हे बघतात सगळं' हे कौतुकानं सांगणं बंद करा. मीही हात पुढे केल्याबरोबर देऊन टाकला होता, माझं नशीब त्या पर्सनं वाचवलं. स्वतःचा पासपोर्ट स्वतःच्या अंगावर, कपड्यांच्या आत. एक झेरॉक्स बॅगेत, एक फोटो मोबाइलमध्ये, एक स्वतःच्या ईमेलवर, घरी लेकाकडे एक. दोन पासपोर्ट साइज फोटो जवळ. यात अवघड काय आहे? बारा डब्यांत बारा पिठं भरून ठेवणाऱ्यांना हे जमत नाही?

परवा ताईचा नवा पासपोर्ट स्पीड पोस्टानं आला. दार भावोजींनी उघडलं, सही करायला पेन काढलं. पोस्टमन म्हणाला, "ज्यांच्या नावाचा त्यांच्याच हातात. बाईंना बोलवा, ओळखपत्र घेऊन." ताई कणकेचे हात धुऊन आली. इथं एकदाचं ते आधार कार्ड कामाला आलं. पाकीट घेऊन ती आत वळली तर मागून आवाज आला, "आण इकडे, माझ्या कपाटात ठेवतो."

नवा पाऊच त्यांनी जूनमध्येच मागवलाय. चार कप्प्यांचा.