हवा धरलेली मोटर

समग्र अध्यापनावरच्या, म्हणजे पुस्तकाला प्रत्यक्ष अनुभवाची जोड देणाऱ्या शिकवण्यावरच्या एका लेखात वाचलं, ‘समग्र अध्यापन ग्रामीण मुलांना झेपत नाही, त्यांचा पायाच कच्चा असतो.’ हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. लातूर जिल्ह्यात मी सिव्हिल इंजिनीअरिंगच्या मुलांना फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे द्रव-वायूंच्या प्रवाहाचं शास्त्र, शिकवतो. वाहत्या पाण्याचा दाब, वेग आणि उंची यांचं नातं सांगणारं बर्नुलीचं समीकरण फळ्यावर तीनदा मांडलं, तरी वर्ग गप्पच. मग सगळ्यांना एका विहिरीवर नेलं. तिथे मागच्या बाकावरच्या पोराने पाइप वर ओढून त्याच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, खोलला, अडकलेला काडीकचरा काढला आणि मोटर हवा का धरते, म्हणजे पाण्याऐवजी हवाच का ओढते, ते सगळ्यांना समजावलं. दाब, उंची, घर्षण, सगळं त्याच्याच बोलण्यात आलं.

२०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा ही मुलं शाळेत होती, घागरी घेऊन रांगेत उभी होती. पाया कच्चा कसा म्हणता? अडतं ते परीक्षेत. विहिरीवरच्या त्या अर्ध्या तासाला गुणपत्रिकेत रकानाच नाही.