संकुलात जागा कमी पडावी म्हणून काय करावं?

कॉलेजात जागा मुबलक असेल तर पहिलं काम ती कमी करून घेण्याचं. जागा पुरेशी असली की समिती बसत नाही, समिती बसली नाही की टेंडर निघत नाही, आणि टेंडरच निघालं नाही तर कोनशिलेवर नाव कुणाचं कोरायचं? तेव्हा नव्याने प्राचार्य झालेल्या, संकुल विकास समितीवर वर्णी लागलेल्या किंवा लागावी म्हणून देव पाण्यात ठेवून बसलेल्या तमाम गोमंतकीय बंधुभगिनींसाठी हे चार शब्द. मी लेक्चर बेसिसवरची, म्हणजे तासांवर पैसे मिळणारी शिक्षिका. मला संकुलात स्वतःची खुर्चीसुद्धा नाही, त्यामुळे बाकीच्यांनी किती जागा अडवून ठेवली आहे ते मला अगदी स्वच्छ दिसतं.

सुरुवात आराखड्यापासून, म्हणजे तो न करण्यापासून. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाचं संकुल व्हायचं होतं तेव्हा त्याच्या आखणीसाठी सतीश गुजराल यांच्यासारख्या कलावंताला बोलावलं होतं. तुम्ही असली उधळपट्टी करू नका. कंत्राटदाराकडे तयार नकाशा असतोच. मागच्या खेपेला त्याने तो हॉस्टेलसाठी वापरला असेल, आता त्यालाच बहुउद्देशीय सभागृह म्हणा. उद्देश बरेच असले की त्यातला एकही पुरा झाला नाही तरी कुणी विचारत नाही.

झाडं मात्र कायद्याने वागवा. गोव्यात 1984 पासून वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. पण अर्जबिर्ज करत बसू नका. बुंध्याला चिकटून पेव्हर बसवा आणि भोवती विद्यार्थ्यांना बसायला म्हणून सिमेंटचा ओटा बांधा. काही पावसाळे गेले की झाड आपणहून वाळतं, मग धोकादायक ठरतं, आणि मे महिन्यात सर्वानुमते जातं. त्याच्या जागी पार्किंग होतं. मोकळ्या उन्हातलं.

पेव्हर घालताना हात आखडू नका. जांभ्याच्या सड्याला, म्हणजे आपल्या खडकाळ पठाराला, पाणी पिण्याची खोड असते. ते तो मुरवतो आणि खाली पायथ्याच्या झरींना, विहिरींना देत बसतो. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे 1000 चौरस मीटर सडा फरसबंद केला की 30 लाख लिटर पाण्याला मुरायला जागा उरत नाही, ते उताराने थेट खालच्या वाड्यावर जातं. वाड्यावरचे लोक तक्रार घेऊन आले की हवामान बदलावर चर्चासत्र ठेवा.

शौचालयं नव्या इमारतीत बांधा आणि जुन्या इमारतीतली त्याच दिवशी बंद करा.

रॅम्प बांधावाच लागतो, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी, असा उताराचा नियम आहे, पण तेवढी जागा कोण वाया घालवणार? उभाच काढा, वर पोचल्यावर एक पायरी ठेवा, आणि खालच्या तोंडाशी कुणाची तरी बुलेट.

आता मुख्य विषय, पार्किंग. क्लार्क केर 1958 ते 1967 या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. विद्यापीठ म्हणजे पार्किंगच्या तक्रारीने एकत्र बांधली गेलेली प्राध्यापक मंडळी, अशी थट्टा ते करत. बिचाऱ्यांनी आपल्याकडची व्यवस्था पाहिली नव्हती. आपल्याकडे ती तक्रारसुद्धा माणसांना एकत्र आणत नाही, कारण पाट्या लावल्या की प्रश्न मिटतो. पहिली पाटी अध्यक्षांची, मग प्राचार्य, उपप्राचार्य, गव्हर्निंग कौन्सिल, मान्यवर, पाहुणे. 'मान्यवर' आणि 'पाहुणे' यांत फरक काय, हे सिक्युरिटीला विचारू नका, त्यालाही घर आहे. या जागा शेडखाली असाव्यात आणि वर्षभर रिकाम्या असाव्यात. रिकाम्या जागेनेच मानाची उंची कळते. उरलेल्यांना स्टिकर वाटा. जागा जितक्या, त्याच्या दुप्पट स्टिकर. मुलांच्या दुचाक्या गेटबाहेर रस्त्यावर लावायला सांगा, म्हणजे ट्रॅफिक पोलिसांनाही महिनाअखेरीला चार चलनं फाडता येतील.

याउपर काही खास साधायचं असेल तर आमच्या संकुलासारखं करा. पार्किंगच्या इमारतीच्या भूमिपूजनासाठी पार्किंग बंद ठेवा.

हो, गेल्या सोमवारीच झालं. परीक्षा चालू होती, माझी सुपरव्हिजन होती, नऊच्या आत वर्गात पोचायचं होतं. गेटवर सिक्युरिटी म्हणाला, "मॅडम, आयज हांगा नाका, व्हीआयपी येतले." मग स्कूटर कुठे लावू विचारलं तर त्यानेच फणसाखालची जागा दाखवली. लावली. वर गेले, पेपर वाटले. दहा वाजता बाहेर मंडपात माइक टेस्टिंग सुरू. हॅलो, हॅलो, चेक. मुलं कानांत बोटं घालून उत्तरं लिहितायत आणि बाहेर सनई लागली आहे. खिडक्या लावल्या तर पंखा एकच, तोही कोपऱ्यातला. पाहुणे साडेबाराला आले, नारळ फोडला, फोटो काढले आणि चहा झाल्याबरोबर गेले. परीक्षेचं वेळापत्रक दोन महिने आधी लागलेलं असतं. मुहूर्त काढणाऱ्याला ते कुणी दाखवलं नसावं. की दाखवलं आणि त्याने हसून बाजूला ठेवलं?

दुपारी खाली येते तर फणसाखाली स्कूटर नाही. मिळाली ती कॅन्टीनच्या मागे, गॅसच्या सिलिंडरांजवळ, आडवी पडलेली. उचलून आणून टाकली होती. आरसा मोडलेला, आणि हेडलाइटवर 'अनधिकृत वाहन' असा कागद, तोही असल्या गोंदाने चिकटवलेला की अजून नखाने खरवडते आहे. तक्रार करायला ऑफिसात गेले तर म्हणे अर्ज तीन प्रतींत करा, समितीपुढे ठेवू, समिती गणेश चवथीनंतर बसेल. आणि ज्याने मला ती जागा दाखवली तो सिक्युरिटी? त्याची ड्यूटी बदलली. त्या गरिबाचं काय चुकलं? त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. सांगणाऱ्याचं नाव कुणालाच आठवत नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर मोटारींच्या इमारतीसाठी. एक हिशेब सांगते, मोठा नाही. एक मोटार उभी करायची, तर आत-बाहेर वळायच्या वाटेसकट उघड्यावर सुमारे 23 चौरस मीटर जागा जाते. तळघरात केलं तर 32 च्या आसपास. साठ मुलांच्या वर्गखोलीचं तांत्रिक शिक्षण परिषदेचं माप आहे 66 चौरस मीटर. म्हणजे तीन मोटारींत साठ मुलं. माझा वर्ग आज लायब्ररीच्या व्हरांड्यात भरतो, कारण खोली नाही. पावसाची झड आली की मुलं भिंतीकडे सरकतात, मी फळा सरकवते. आणि व्हरांड्यातून समोर काय दिसतं, तर मान्यवरांच्या तीन रिकाम्या जागा!

असो. उपदेश पुढे चालू.

नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती यायची असेल तर हरित संकुलाच्या निकषांत बसायला हवं: वाहनांना मर्यादित प्रवेश, सायकली, पायी चालणाऱ्यांसाठी वाटा, प्लास्टिकबंदी, झाडंझुडपं. एक सायकल आणून पोर्चमध्ये टेकवा, फोटो काढा, परत करा. तेवढे दोन दिवस मोटारी मागच्या मैदानात न्या. कुंड्या भाड्याने मिळतात.

खोल्यांना कुलूप घाला, किल्ली रजेवरच्या माणसाकडे द्या.

हे शेवटचं मात्र मी थट्टेने लिहू शकत नाही. दुसऱ्या मजल्यावर एका ओळीत कुलूपबंद खोल्या आहेत. एकीत मोडके बाक, एकीत जुन्या उत्तरपत्रिका, एकीत प्लास्टिकही न काढलेले संगणक, आणि एकीवर 'संशोधन कक्ष' अशी पितळी पाटी, जिच्या कुलपाला गंज चढला आहे. मी फटीतून पाहिल्या आहेत. दुपारी दोननंतर तर निम्मी इमारत भुतासारखी उभी असते, कारण सगळ्यांना आपलं लेक्चर दहा ते एकमध्येच हवं. दुपारचं घ्या म्हटलं की कायमस्वरूपी मंडळींच्या कपाळाला आठ्या. वेळापत्रक हलवायला एक पैसा लागत नाही, पण एका ज्येष्ठ सरांची दुपारची झोप हलवावी लागते, आणि ती हिंमत तुमच्यापैकी एकातही नाही. त्यापेक्षा कोट्यवधींची इमारत सोपी.

लाज वाटायला हवी. खालच्या तिठ्यावर कदंबाच्या बसमधून उतरून मुली भर पावसात चढ चढून येतात, बाजूने तुमच्या गाड्या चिखल उडवत जातात, आणि तुम्ही सभेत म्हणता की विद्यार्थ्यांकडे शिस्त नाही, जिथे तिथे दुचाक्या लावतात. सकाळची एक बस गेटपर्यंत आणा म्हणून महामंडळाला साधं पत्र लिहिलंत का कधी? लिहिलं असेल तर त्याची प्रत दाखवा. नवा खड्डा खणण्याआधी आहेत त्या खोल्या उघडून मोजल्यात का? कुठल्या वर्गात कुठल्या तासाला किती डोकी बसतात, याचा एक कागद तरी आहे का समितीकडे? नाही ना? मग कशाच्या जोरावर सांगता की जागा कमी आहे?

जूनमध्ये तो पायाचा खड्डा पाण्याने भरणार, हे कुठलंही शेंबडं पोर सांगेल. भोवती निदान पत्रे तरी लावून घ्या. मुलं तिथूनच ये-जा करतात, आणि त्या वाटेवरचा दिवा केव्हापासून बंद आहे, तोही अर्ज तुमच्याकडेच पडून आहे.