बदली क्वार्टरबॅक कधी उतरवावा: अटलांटातील एका रात्रीचा चुकीचा अर्थ

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या हंगामात एखादा नावाजलेला संघ दोन सामने हरला, की एक दावा हमखास फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: आक्रमण अडले की पहिल्या क्वार्टरबॅकला बाकावर बसवावे आणि बदलीला उतरवावे, दोष कोणाचा हे गुणफलकच सांगतो, नव्या खेळाडूसाठी प्रतिस्पर्ध्याची तयारी नसते, बिघडायचे काहीच नसते, कारण पहिल्याला केव्हाही परत आणता येते, आणि हंगाम हातचा गेलाच असेल, तर निदान पोराला अनुभव तरी मिळतो. पुरावा म्हणून बहुधा एकच सामना पुढे केला जातो, तो म्हणजे ८ जानेवारी २०१८ रोजी अटलांटात अलाबामा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या संघांत झालेला राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच, की आक्रमणाच्या जवळपास प्रत्येक चालीत चेंडू प्रथम क्वार्टरबॅकच्या हाती येतो आणि तो लांब फेकायचा, धावणाऱ्याकडे द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. क्रिकेटसारखे अकरा जण एकदा ठरले की ठरले असे येथे नसते. खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात. त्यामुळे हा दावा ऐकायला सोपा आणि बिनधोक वाटतो.

प्रथम अटलांटाच्या सामन्याकडे पाहू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. मध्यंतराला अलाबामा ०-१३ ने मागे होता. जेलन हर्ट्सने पहिल्या अर्ध्यात ८ पैकी ३ पास पूर्ण करून अवघे २१ यार्ड मिळवले होते. प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला बसवून पहिल्याच वर्षात असलेल्या तुआ तागोवायलोआला उतरवले आणि अलाबामाने जादा वेळेत २६-२३ असा विजय मिळवला. एवढे सगळ्यांना पाठ असते. मात्र दोन वर्षांत पहिला क्वार्टरबॅक म्हणून हर्ट्सची कामगिरी २६ विजय आणि २ पराभव अशी होती. म्हणजे निव्वळ निकालांवरून ठरवायचे असते, तर त्याला बसवण्याचे कारणच नव्हते. अडचण ठरावीक आणि आधीपासून माहीत असलेली होती. हर्ट्सच्या लांब पासची धास्ती नसल्यामुळे जॉर्जियाला बचावफळी पुढे आणून धावण्याच्या वाटा बंद करता येत होत्या, आणि तागोवायलोआकडे नेमका तोच पास होता. सेबन यांनी तो वर्षभर सरावात आणि निकाल स्पष्ट झालेल्या सामन्यांच्या उरलेल्या वेळात पाहिला होता. दावा करणारे ज्याला जुगार म्हणतात, त्यातला बराचसा भाग असा आधीच तपासून घेतलेला होता.

उरलेला भाग मात्र खरोखरच जुगाराचा होता, आणि तोही दावा करणारे सांगत नाहीत. तागोवायलोआने तिसऱ्या सत्रात एक पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला. अलाबामाच्या बचावफळीने लगेचच जॉर्जियाचा पास अडवून चेंडू परत मिळवला, म्हणून ती चूक झाकली गेली. बरोबरी झाली ती चौथ्या, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी शेवटच्या संधीवर ७ यार्डांवरून टाकलेल्या पासने. निर्धारित वेळेच्या शेवटच्या क्षणी अलाबामाची सामना जिंकून देऊ शकणारी ३६ यार्डांची किक हुकली. जादा वेळेत अलाबामाच्या पहिल्याच चालीत तागोवायलोआ चेंडू धरून मागे मागे गेला आणि १६ यार्ड गमावून बसला, जी नवख्याची चूक होती. पुढच्या चालीत त्याने देवाँटा स्मिथला ४१ यार्डांचा पास दिला आणि सामना संपला. या सामन्यातून सर्वसाधारण नियम काढायचा असेल, तर त्या १६ यार्डांचाही हिशेब धरावा लागेल.

दोष कोणाचा हे गुणफलकावरून कळते, हा दुसरा मुद्दा. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात क्लेम्सनने याच्या नेमके उलटे केले. केली ब्रायंटच्या हाताखाली संघाने चारही सामने जिंकले होते, आणि तरीही प्रशिक्षक डॅबो स्विनी यांनी ट्रेव्हर लॉरेन्सला पहिला क्वार्टरबॅक ठरवले. त्या चार सामन्यांत दोघांनाही खेळवले होते, दोघांच्या पुढे तीच संरक्षक फळी होती, समोर तेच प्रतिस्पर्धी होते, आणि फरक डोळ्यांना दिसत होता. क्लेम्सन त्या हंगामात एकही सामना न गमावता १५-० राहिला आणि अंतिम सामन्यात त्याने अलाबामाला ४४-१६ ने हरवले. उलट बाजूचे उदाहरण जॉर्जियाचे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये अलाबामाकडून २४-४१ असा पराभव झाला, त्यात स्टेटसन बेनेटचे दोन पास प्रतिस्पर्ध्याने पकडले, आणि जे. टी. डॅनियल्सला आणा असा गिल्ला झाला. पण त्या ४१ पैकी सात गुण बेनेटच्या पकडलेल्या पासवरून थेट आले असले, तरी उरलेले ३४ जॉर्जियाच्या बचावफळीने दिले होते, आणि बचावफळीत क्वार्टरबॅक खेळत नाही. प्रशिक्षक कर्बी स्मार्ट हलले नाहीत. महिन्याभराने त्याच अलाबामाविरुद्ध अंतिम सामन्यात चौथ्या सत्रात बेनेटच्या हातून चेंडू सुटला आणि संघ १३-१८ असा मागे पडला. तेव्हाही त्याला बसवले नाही. पुढच्याच आक्रमणात त्याने ४० यार्डांचा टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणारा) पास दिला आणि जॉर्जिया ३३-१८ ने जिंकला.

नव्या चेहऱ्यासाठी प्रतिस्पर्ध्याची तयारी नसते, या मुद्द्यासाठी कार्डेल जोन्सचे नाव घेतले जाते. २०१४ मध्ये ओहायो स्टेटचा ब्रॅक्सटन मिलर हंगामाआधीच जायबंदी झाला, नोव्हेंबरात जे. टी. बॅरेटचा घोटा मोडला, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या जोन्सने विस्कॉन्सिन, अलाबामा आणि ऑरेगॉन यांना ओळीने हरवून अजिंक्यपद मिळवून दिले. हे खरेच विलक्षण होते. परंतु त्या तीन सामन्यांत एझिकिएल इलियट अनुक्रमे २२०, २३० आणि २४६ यार्ड धावला. केवळ नवखेपणाने प्रतिस्पर्धी चकत असता, तर एव्हाना त्याची चित्रफीत पाहून बसलेला ऑरेगॉन तरी चकायला नको होता. जोन्सला जी फळी आणि जो धावपटू लाभला, ते अडखळणाऱ्या संघाच्या बदली खेळाडूला लाभत नाहीत. तसे असते, तर तो संघ मुळात अडखळलाच नसता.

बिघडायचे काही नसते, हे विधान मला सर्वांत चुकीचे वाटते. महाविद्यालयीन खेळाडूंना हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक सराव घेता येत नाही, अशी नियमाची मर्यादा आहे, आणि त्यात व्यायाम, चित्रफिती पाहणे, बैठका हे सारे येते. पहिल्या फळीबरोबरच्या चाली त्यातून उरलेल्या वेळात होतात आणि त्यांतील बहुतेक पहिल्या क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातात. त्या निम्म्या-निम्म्या वाटल्या, तर पास पकडणाऱ्याने कितव्या पावलावर वळायचे हे दोघांबरोबरही पक्के बसत नाही. ओहायो स्टेटने २०१५ मध्ये जोन्स आणि बॅरेट यांच्यात अदलाबदल करत हंगाम काढला. इलियटसह जवळपास तोच संघ असूनही आक्रमणाला आदल्या वर्षीची लय फारशी सापडली नाही. नोव्हेंबरात, जायबंदी पहिल्या क्वार्टरबॅकऐवजी दोन बदली खेळाडूंना घेऊन आलेल्या मिशिगन स्टेटने त्यांना त्यांच्याच मैदानावर १७-१४ ने हरवले, आणि विजेतेपद राखण्याची संधी गेली.

शिवाय बसवलेला खेळाडू परत आणण्यासाठी तो संघात उरायला हवा. लॉरेन्सची निवड जाहीर झाल्यावर दोनच दिवसांत ब्रायंटने क्लेम्सन सोडले. त्याच शनिवारी सिरॅक्यूजविरुद्ध लॉरेन्स जायबंदी झाला आणि आठवड्यापूर्वी तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या चेस ब्राइसला, चौथ्या सत्रात दहा गुणांनी मागे पडलेल्या संघाला सावरावे लागले. त्याने ९४ यार्डांची शेवटची चढाई पूर्ण केली, वाटेत चौथ्या संधीवर सहा यार्ड हवे असताना नेमका पास दिला, आणि सामना २७-२३ असा वाचला. वाचला नसता तर त्या १५-० मध्ये एक पराभव असता. याउलट अलाबामात हर्ट्स बाकावर बसूनही वर्षभर थांबला. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच अटलांटात, त्याच जॉर्जियाविरुद्ध तागोवायलोआ जायबंदी झाला, संघ २१-२८ ने मागे होता, आणि हर्ट्सने येऊन तो सामना ३५-२८ असा जिंकून दिला. असा संयम आता मागता येणार नाही. २०२१ पासून पहिल्यांदा विद्यापीठ बदलल्यावर एक वर्ष न खेळता बसण्याची अट गेली, त्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर ढकललेला चांगला क्वार्टरबॅक बहुधा पुढच्या हंगामात दुसऱ्या विद्यापीठाच्या पोशाखात दिसतो.

मग बदल करावा तरी कधी? जे अडले आहे ते क्वार्टरबॅकमुळेच अडलेले असावे, बदली खेळाडूला नेमके तेच जमत असावे, आणि ते पहिल्या फळीबरोबरच्या सरावात दिसलेले असावे. तिन्ही गोष्टी जुळल्या तर संघ जिंकत असतानाही बदल करावा. एकही कमी असेल तर शून्यावर असतानाही थांबावे.

हंगाम गेलाच असेल तर पोराला खेळवा, हा शेवटचा मुद्दा मात्र बराचसा मान्य करण्यासारखा आहे. २०१८ मध्ये लागू झालेल्या नियमाने चार सामन्यांपर्यंत खेळूनही पात्रतेचे वर्ष, म्हणजे महाविद्यालयाकडून खेळता येणाऱ्या मोजक्या वर्षांपैकी एक, राखून ठेवता येऊ लागले, त्यामुळे हरलेल्या हंगामातील शेवटचे सामने नवख्यासाठी उत्तम शाळा ठरू शकतात. अपवाद एकच. पुढची संरक्षक फळीच मोडकळीला आलेली असेल, तर अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा तिच्यामागे खेळ शिकत नाही. चेंडू हाती येताच अंगावर येणाऱ्या धडकांना घाईघाईने पास फेकून चुकवण्याची सवय त्याला लागते, आणि पुढच्या वसंत ऋतूतील सरावात ती मोडण्यात प्रशिक्षकांचे आठवडे जातात.