तीस सेकंदांत डिमेन्शिया ओळखणारं ॲप आणि माझी मावशी

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन. "मला काही आठवेनासं होणार आहे का रे?" बाई बहात्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका, भिशीचा हिशेब अजून तोंडी ठेवते. कारण निघालं एक फॉरवर्ड: 'एआय ॲप तीस सेकंद आवाज ऐकून पाच वर्षं आधी अल्झायमर ओळखतं, ९९ टक्के अचूक. रोज पंधरा मिनिटं ब्रेन गेम खेळा, डिमेन्शिया होणारच नाही. जीपीएस घड्याळ बांधा, सांभाळायला माणूस नको.' (डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार.) खाली लिंक. मावशीने नाव, वय, मोबाइल नंबर भरला, समोरच्या चित्राबद्दल बोलली आणि स्क्रीनवर लाल गोल उमटला: 'धोका जास्त'.

आधी त्या ९९ टक्क्यांचं बघू. बोलण्यावरून अंदाज घेता येतो, हे थोतांड नाही, एवढं कबूल. शब्द न सापडणं, 'ते हे, ते आपलं' वाढणं, वाक्यात अडखळणं संगणक मोजू शकतो. पण २०२० साली यावर 'ॲड्रेस' नावाची संशोधकांची स्पर्धा झाली, तिच्यात रेकॉर्डिंग होती १५६ जणांची. सगळी अमेरिकेतली, इंग्रजीतली, आणि निम्मे आजारी, निम्मे निरोगी असे मुद्दाम निवडलेले. तरीही सर्वोत्तम अचूकता नव्वदच्या आसपासच राहिली.

आपल्याकडे निम्मे म्हातारे आजारी नाहीत. 'लासी-डॅड' या देशव्यापी अभ्यासाने २०२३ मध्ये साठीपुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के काढलं. आता हिशेब करा. हजार ज्येष्ठांत ७४ आजारी, ९२६ धडधाकट. ॲपला उदारपणे दोन्ही बाजूंनी, म्हणजे आजारी ओळखण्यात आणि निरोगी ओळखण्यातही, नव्वद टक्के अचूक धरू. ते ६७ आजारी पकडेल आणि ९३ निरोगी माणसांनाही लाल गोल दाखवेल. म्हणजे घाबरवलेल्यांत निम्म्याहून जास्त मावशीसारखे.

त्यात मावशीला कमी ऐकू येतं. ॲपची सूचना हिंदीत, तीही बारीक आवाजात. ती दोनदा "काय?" म्हणाली, मग "हां हां, दिसतंय" म्हणाली, उरलेला वेळ गप्प. ॲपने कशाला आजार समजायचं, ती शांतता की ते मराठी? डॉक्टर अशा वेळी आधी कान बघतो, बी-१२ आणि थायरॉइड तपासतो, झोप आणि चालू गोळ्या विचारतो, घरच्यांना बाजूला घेऊन चार प्रश्न करतो. यातलं काहीही तीस सेकंदांत बसत नाही.

आणि संगणकाने या कामात मदतच होत नाही असं कोण म्हणतंय? लासी-डॅडनेही संगणकाचं सांख्यिकी मॉडेल वापरलंच. पण त्याआधी चार हजारांवर ज्येष्ठांच्या सविस्तर चाचण्या झाल्या, निरक्षरांनाही देता येतील अशा बेतलेल्या. घरच्यांच्या मुलाखती झाल्या, तज्ज्ञांनी निदान केलं. मग त्यावरून मॉडेलने बाकीच्यांचा अंदाज बांधला आणि देशात सुमारे ८८ लाख रुग्ण असल्याचं कळलं. प्रमाण बायकांत आणि खेड्यांत जास्त. मेमरी क्लिनिक कुठे हवीत, हे अशा आकड्यांवरून ठरवता येतं. लाल गोलावरून काय ठरवणार?

ब्रेन गेमचं थोडक्यात. असेच दावे केल्याबद्दल अमेरिकेत 'लुमॉसिटी' या ब्रेन गेमवाल्यांना २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरावे लागले. खेळा हवं तर, शब्दकोडं सोडवा, पत्ते कुटा. 'होणारच नाही' मात्र कोणी सांगू नये.

घड्याळाचा उपयोग आहे, नाही कशाला म्हणू. पण ते रोज चार्ज करायला आणि हातावर आहे का बघायला माणूसच लागतो. आमच्या शेजारच्या आजोबांनी ते आंघोळीआधी काढून कोनाड्यात ठेवलं. मुलाच्या फोनवर 'घरी' दिसत होतं, आजोबा सापडले एसटी स्टँडवर.

मावशीला उद्या कानाच्या डॉक्टरकडे नेतोय. दरम्यान तिला कालपासून तीन फोन आले, तिन्ही स्मरणशक्तीच्या पावडरचे. तिसऱ्याने तर तिचं वयही बरोबर सांगितलं.