जीन्सचे जनक आणि जेकब डेव्हिस: एक खुलासा

सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात गेलेल्या लिव्हाय स्ट्रॉस यांनी तंबूच्या कापडातून पहिली जीन्स शिवली, असा मजकूर सध्या फिरत आहे; तो खरा नाही. बव्हेरियात जन्मलेले स्ट्रॉस १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेले ते घाऊक व्यापारासाठी. ते शिंपी नव्हतेच. रीगाहून (आजच्या लॅटव्हियातून) आलेले ज्यू शिंपी जेकब डेव्हिस नेवाडातील रिनो येथे घोड्यांच्या झुलीही शिवत. एका लाकूडतोड्याच्या पत्नीने नवऱ्यासाठी टिकाऊ विजार मागितली, तेव्हा त्यांनी खिशांच्या कोपऱ्यांवर, म्हणजे शिवण हमखास उसवते तिथेच, झुलींना लागणारे तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायचे छोटे खिळे, ठोकले. स्ट्रॉस त्यांना कापड पुरवत. या रिव्हेटच्या विजारीच्या, म्हणजेच जीन्सच्या, पेटंटच्या खर्चासाठी डेव्हिस यांनी १८७२ मध्ये त्यांनाच पत्र लिहिले. २० मे १८७३ चे पेटंट डेव्हिस यांच्याच नावावर, स्ट्रॉस यांच्या कंपनीच्या भागीदारीत आहे. पुढे डेव्हिस कुटुंबासह सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि उत्पादनाची देखरेख करू लागले.